निशाणाची जागा

विमानाचा आवाज आला आणि मोतीरामचे पाय आपसूक घट्ट वाळूकडे वळले.

सकाळपासून सगळं धाकटी डहाणू गाव किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात येऊन बसलं होतं. वादळातून बाकीच्या होड्या परतल्या, एक तेवढी परतली नव्हती. तिच्यात मोतीरामचा काळू होता आणि आणखी तिघं. ठाण्याला तार गेली आणि मुंबईहून एक छोटं विमान दर्या धुंडाळायला आलं. त्यात बोलायचं यंत्र नव्हतं. म्हणून ठरलं होतं की ओहोटीला विमान इथंच वाळूवर उतरेल आणि पायलट काय दिसलं ते तोंडाने सांगेल. होड्यांचा म्होरक्या नारू तांडेल तीन होड्या सज्ज करून खाडीच्या तोंडाशी खोळंबला होता.

मामलेदार कचेरीतल्या भाऊसाहेबांनी लाल निशाण मोतीरामच्याच हाती दिलं. इथली वाळू त्याच्याइतकी कोण ओळखणार!

"हे बघ," भाऊसाहेबांनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "जमीन जिथं दगा देईल तिथं निशाण रोव आणि बाजूला हो. पायलट निशाण चुकवून उतरेल."

"जी," मोतीराम म्हणाला होता. ऐकलं त्याने, पण नुसतं कानांनी. जीव सगळा दर्यात होता.

मिसरूड फुटल्यापासून त्याचं एक काम ठरलेलं. दर्या खवळला की खाडीच्या तोंडाशी, जिथं पाणी खोल असेल तिथं, बांबूला फडकं बांधून उभं राहायचं. होड्या त्याच्या रोखाने नाक धरून यायच्या आणि सुखरूप आत शिरायच्या. मोतीरामदादा उभा आहे म्हणजे तिथं वाट आहे, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. चांगल्या खोडीचंही तेच.

सकाळी विमान दक्षिणेला गेलं होतं. आता आलं ते पाठीमागून, तलासरीच्या अंगाने, जमिनीवरून; दर्यात कुठं कुठं फिरून आलं ते कळायला मार्ग नव्हता. मोतीरामने टाचेने वाळू दाबून पाहिली. फरशीसारखी होती. तिथंच तो पाय रोवून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी निशाण हलवू लागला. ये बाबा, ये. इथं ये. माझ्या पोराची खबर घेऊन ये.

विमान खाली आलं, सरळ त्याच्या रोखाने. मग एक पंख कलला आणि ते बाजूला सरलं. पलीकडच्या गुळगुळीत, चकाकत्या पट्ट्याकडे निघालं. तो पट्टा वरून वाळू होता, खाली नुसता गाळ.

भाऊसाहेबांचे शब्द मोतीरामला आत्ता ऐकू आले.

तो ओरडला. निशाण टाकून धावत सुटला. तोवर चाकं रुतली, नाक आपटलं आणि विमान उलटं झालं.

सगळ्यांच्या आधी तोच पोचला, मांडीपर्यंतच्या गाळातून. पायलट विशीतला पोरगा होता, काळूच्या वयाचा. बसायच्या जागेच्या पट्ट्यात उलटा लटकलेला. मोतीरामने त्याचं डोकं हातावर घेतलं.

"निशाण..." पोरगा पुटपुटला. "तिथं तर चांगली जमीन होती."

मोतीरामने त्यावर एवढंच विचारलं, "साहेब, होडी?"

"दिसली. डोलकाठी मोडलीय. चौघंही जिवंत आहेत. हात करत होते."

"कुठं? कुठल्या अंगाला, साहेब?"

पोराने ओठ हलवले. हात उचलायला गेला, तो अर्ध्यातच पडला. मग काही नाही. मोतीराम त्याला हलवत राहिला, बाबापुता करत राहिला. इतकी लाज आणि इतकं भय त्याला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

मागून माणसं आली. भाऊसाहेब काठावरच राहिले, त्यांचे बूट गाळात अडकले होते. मोतीरामची बायको रूपी लुगड्याचा काचा आवळत पुढे घुसली.

"काय बोलला? दिसला काय माझा काळू?"

"जिवंत हायेत. चौघं पण."

रूपीने जोरात हंबरडा फोडला, सुखाचा. पोराचं शव तिच्या पायाशी होतं, ते तिला दिसलंच नाही.

नारू तांडेल होडीतून उतरून धावत आला. भरती लागली होती, वारा पडायच्या आत निघायला हवं होतं.

"कुठं बोलला, दादा?"

मोतीराम पोराच्या तोंडावरचा गाळ पुसत राहिला.

"नसंल बोलला तर तसं सांग. तीन होड्या हायेत, तीन वाटांनी जाऊ. एकीला तरी घावतील."

"बोलला असंल रे!" रूपी मध्येच म्हणाली. "जिवंत हायेत येवढं बोलला, आन् कुठं ते नाय बोलणार? सांगा ना, काळूचे बाबा!"

ती त्याच्याकडे बघत होती. सगळं गाव बघत होतं. नाही म्हणायचं तर का नाही, तेही सांगावं लागणार होतं. ज्याला ठाऊक होतं त्याचं तोंड कुणी मिटवलं, ते सांगावं लागणार होतं. मोतीरामने गाळाने भरलेला हात उचलला आणि उंबरगावच्या बाजूला, उत्तरेला धरला.

"तिकडं," तो म्हणाला.

नारू मागे वळला. एकेक करून तिन्ही शिडं चढली आणि तिन्ही होड्या उत्तरेला लागल्या. कशावरून, असं त्याला कुणी विचारलं नाही. मोतीरामदादाने दाखवलेल्या वाटेबद्दल तसं आजवर कुणी विचारलंच नव्हतं.