तोंडी परीक्षा

"लेखी परीक्षेत तुमची कार्तिकी पहिली आहे, आजी, पण तोंडी परीक्षेत वेळेत उत्तर देत नाही. जलद गणिताच्या तुकडीत कशी घेऊ?" सहावीच्या बाई म्हणाल्या.

"माझी नात बोलताना अडखळते. तुम्ही गणित शिकवता की लिलाव पुकारता?" मी खुर्ची ओढून बसले. "विचारा पुन्हा, माझ्यासमोर."

बाईंनी सुस्कारा सोडून माझ्या शेजारी उभ्या कार्तिकीला विचारलं, दोन नळांनी टाकी किती वेळात भरेल. नळांचे आकडे सांगितले ते माझ्या डोक्यावरून गेले.

कार्तिकी म्हणाली, "स... स..."

"सात," मी सांगून टाकलं. घरी तिचं प्रत्येक वाक्य मीच पुरं करते. कुणाला एवढा वेळ आहे?

"आजी, उत्तर तिनं द्यायचंय."

"सात नसेल तर सतरा असेल. बोल की गं."

कार्तिकीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "तू ग... गप्प बस."

माझ्यासमोर माझे मुलगेसुद्धा आवाज चढवत नाहीत.

"स... सव्वा तास," ती म्हणाली.

"बरोबर," म्हणत बाईंनी तिचं नाव तुकडीत घातलं.

त्या बाईंना सुनवायचं माझ्याकडे अजून बरंच होतं. पण कार्तिकीनं हात काढला तर ना.