मानाचे ताट

सैतकाली काकाने जीप मादियारच्या घराकडे वळवलीच नाही. आपल्या दारात आणून उभी केली. आधी पोटात काहीतरी टाक, मग जाऊ, असे तो म्हणाला.

मादियारला घाई होती. अस्तानाहून सुटलेली आगगाडी सबंध रात्र आणि अर्धा दिवस माळ तुडवत आली होती. बापाचे घर अजून टेकडीपलीकडे राहिले होते. पण सख्ख्या काकाला नाही म्हणता येत नाही. तो उतरला.

काकाचे आज काहीतरी बिनसले होते. एरवी तो स्टेशनवरच सुरू व्हायचा, की राजदूतसाहेब, आमच्या मेंढ्यांना व्हिसा कधी देता. आज ती थट्टा त्याने अर्धीच केली. रस्त्यात मादियारने बाबांची चौकशी केली, तेव्हा तो समोरच्या खड्ड्यांना शिव्या देऊ लागला. मादियारला वाटले, काकाही रागावला आहे. रागवायला कारण होते.

वसंतात, मेंढ्या व्यायच्या दिवसांत, आईचा फोन आला होता. वडिलांची तब्येत जरा नरम आहे, सवड झाली तर येऊन जा. त्याने कळवले, प्रबंध द्यायचा आहे. पुन्हा फोन आला. त्याने कळवले, तोंडी परीक्षा आहे. त्यानंतर आई फक्त जेवलास का, एवढेच विचारू लागली. राजनयाच्या पदव्युत्तर वर्गात मादियार पहिला होता. एखादा देश दुसऱ्याला ‘आम्हाला चिंता वाटते’ असे लिहितो, तेव्हा त्या वाक्यामागे किती फौज उभी असते, हे तो घडाघडा सांगे. आई ‘जरा नरम’ म्हणाली, ते त्याने जरा नरमच धरले.

पण खरी टोचणी वेगळी होती. मागच्या सुट्टीत बाप घोड्याला पाणी दाखवत होता. घोड्याकडेच पाहत त्याने विचारले होते, राजदूत म्हणजे नेमके काय करतो रे? मादियारचे डोळे मोबाइलमध्ये होते. तुम्हाला नाही कळायचे, असे तो म्हणाला होता. बाप ‘बरं’ म्हणाला आणि घोड्याची मान थोपटत राहिला. पुढे त्याने शिक्षणाबद्दल कधी अवाक्षर काढले नाही. गावात मात्र सांगत हिंडायचा, की पोरगा फार मोठे काहीतरी शिकतो आहे, काय ते मला सांगता यायचे नाही.

आज त्या प्रश्नाचे उत्तर मादियारजवळ तयार होते. गाडीत वरच्या बाकावर पडून त्याने ते पुन्हा पुन्हा जुळवले होते. पुस्तकातले शब्द वेचून काढून टाकले होते. बाबा, दोन घरांतले बोलणे तुटले की मधे एक शहाणा माणूस जातो ना? जे तोंडावर सांगवत नाही ते समोरच्याला झेपेल अशा बेताने पोचवतो ना? तोच राजदूत. एवढे सांगायचे आणि चुकलो म्हणायचे. पदवीची गोष्ट त्यानंतर.

काकूने दारात त्याला छातीशी धरले ते सोडीचना. मग एकदम वळून चुलीकडे गेली. आत गावातली चार जाणती माणसे बसलेली होती. मादियार रीतीप्रमाणे दाराजवळ टेकू लागला, तर तोलेगेन आजोबांनी त्याचा हात धरला. गावात त्यांच्याहून वडील कोणी नव्हते. त्यांनी त्याला दारासमोरच्या मानाच्या जागी, आपल्या शेजारी बसवले. शिकून आल्याचा हा मान, असे मादियारच्या मनात आले. त्याचे कान तापले. बाबांनी हे बघायला हवे होते, असेही वाटले.

मग मांसाचे ताट आले. वर मेंढ्याचे उकडलेले डोके होते. काकाने ते ताट तोलेगेन आजोबांच्या समोरून पुढे नेले आणि मादियारपुढे ठेवले, डोक्याचे तोंड त्याच्याकडे करून. शेजारी सुरी ठेवली.

मादियार गडबडला. काका चुकला होता. यजमानाची चूक बोलून दाखवायची नसते, हेच तर वर्गात शिकवले होते. हसतमुखाने, काही झालेच नाही असे, ताट योग्य पाहुण्याकडे वळवायचे. त्याने दोन बोटांनी वळवले. आजोबांनी ते परत त्याच्याकडे वळवले. म्हातारी माणसे भिडस्त असतात. त्याने पुन्हा वळवले.

“असं करू नका आजोबा, राजशिष्टाचारात नापास करतील मला,” तो म्हणाला. “मोठे तुम्ही. मान तुमचा.”

कोणी हसले नाही. काका भिंतीकडे पाहत होता. आजोबांनी सुरकुतलेला हात ताटाच्या कडेवर ठेवला. ताट सावकाश फिरवून त्याच्यासमोर आणले आणि हात तिथेच राहू दिला.

“काप, बाळा,” ते म्हणाले. “आता ते तुझ्याकडे आलं.”

मादियारने सुरी उचलली. हातात घेतल्यावर त्याला आठवले. अक्षरे गिरवायच्याही आधी, बापाच्या मांडीवर बसून तो हे शिकला होता: ज्याचा बाप हयात आहे, त्याच्यापुढे मेंढ्याचे डोके कधी ठेवत नाहीत.