सहीपुरतं आयुष्य

"राजासाठीची प्रार्थना आज तुम्ही घाईत उरकलीत, पाद्रीबुवा," सुन्नुवा म्हणाली.

पाद्री क्लेमिंत झगा उतरवत होते. "दर रविवारी म्हणतो तेवढीच म्हटली."

"'आमच्या राजाला आरोग्य दे', इथे तुम्ही नेहमी थांबता. आज थांबला नाहीत."

पाद्रींनी तिच्या चिखलाने भरलेल्या जोड्यांकडे पाहिलं. त्यांच्याकडे तीन गावांची तीन चर्चं होती आणि प्रत्येक गावाची पाळी दर तिसऱ्या रविवारी यायची. बाकीचे लोक आपापल्या पाळीला येत. सुन्नुवा डोंगर ओलांडून तिन्हीकडे हजर असे, आणि तेही फेरो बेटांवरच्या हिवाळ्यात.

कारण सगळ्यांना माहीत होतं. तिचा नवरा हानुस अंमलदाराच्या लोकरीच्या कोठारात कैदेत होता. घरातलं पीठ संपलं तेव्हा त्याने राजाच्या कुरणातल्या दोन मेंढ्या मारल्या. याआधी दोनदा तो असाच सापडला होता, आणि तिसऱ्या चोरीला आमच्याकडे फास. मेंढ्या राजाच्या, म्हणून माफीही राजाच्याच हातात. पाद्रींनी लिहिलेला अर्ज शरदातल्या शेवटच्या जहाजाने राजधानीला, कोपनहेगनला गेला. त्याच जहाजाने बातमी आणली होती की राजा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलाय. पुढचं जहाज थेट वसंतात येणार होतं.

म्हातारा राजा दयाळू आहे, असं सगळेच म्हणत. तरुणपणी एकदा तो आमच्या किनाऱ्यावर उतरला होता आणि एका कोळणीच्या हातची मासळी त्याने तिच्या चुलीशी बसून खाल्ली होती, ही गोष्ट आजही सांगितली जाते. युवराज मात्र कडक, कधी हसत नाही म्हणे. त्यामुळे म्हातारा जगला तर हानुस जगेल, हे सुन्नुवाने मनाशी पक्कं केलं होतं.

"राणीने तरी एवढ्या प्रार्थना केल्या असतील का गं?" शेजारीण मार्युनने एकदा विचारलं.

"राणीच्या नवऱ्याला कुठे फास लागलाय?" सुन्नुवा म्हणाली आणि हातातला मोजा विणत राहिली.

आताही ती पाद्रींची वाट अडवून उभी होती. पाद्री हळूच म्हणाले, "देवाशी घासाघीस करायची नसते, सुन्नुवा. तुझी आजी संतांपुढे मेणबत्त्या लावायची, ते दिवस गेले."

"घासाघीस कुठे करते? राजा शंभर वर्षं जगावा असं माझं म्हणणंच नाही. आमच्या कागदावर सही होईपर्यंत जगू दे. मग देवाची मर्जी."

पुढच्या रविवारी पाद्री त्या जागी थांबले. इतके थांबले की मागच्या बाकांवरची माणसं खोकायला लागली.

कोठाराच्या झरोक्यातून ती रोज हानुसला सुकं मांस द्यायची. तो वाळत चालला होता.

"म्हातारा गेला तर?" त्याने विचारलं.

"जाणार नाही. मी जाऊ देणार नाही. खा."

वसंतात जहाज दिसलं तेव्हा सुन्नुवा सगळ्यांच्या आधी किनाऱ्यावर पोचली. डोलकाठीवर काळं कापड होतं. ती होती तिथेच ओल्या दगडांवर बसली. सहा महिने तिने रडू आवरलं होतं, ते आता आवरेना.

"जानेवारीत गेले," कप्तान उतरता उतरता अंमलदाराला सांगत होता. "वैद्यांनी आठवडाभर आधीच हात टेकले होते. पण म्हातारा चिवट. शेवटच्या दिवशी उशांना टेकून बसला आणि कागद मागवले. एकावर सही केली, आणि लेखणीच गळून पडली हातातून."

"एकाच कागदावर?" सुन्नुवा उठून उभी राहिली.

"एकाच. तुमच्या बेटावरचा होता तो, म्हणून तर मला ठाऊक. कुणा हानुसचा. माझ्याच पेटीत आहे."

सुन्नुवाने मागोमाग येऊन पोचलेल्या पाद्रींचा हात घट्ट धरला. "ऐकलंत ना? सही होईपर्यंत जगला."

रिवाजाप्रमाणे अंमलदाराने नव्या राजाचा कागद आधी उघडला. नवा राजा गादीवर बसल्याच्या आनंदात राज्यातल्या सगळ्या फाशीच्या शिक्षा रद्द झाल्या होत्या. कैद्यांना आजच्या आज सोडायचं होतं. अंमलदाराने दोनदा वाचून खात्री केली आणि कोठाराची किल्ली काढून दिली.

हानुस उजेडात डोळे चोळत आला. त्याच्या दाढीत लोकर अडकली होती. सुन्नुवा ती वेचत राहिली. मार्युनसुद्धा शालीच्या टोकाने डोळे पुसत होती.

म्हाताऱ्या राजाचं पाकीट अंमलदाराच्या हातात तसंच होतं. "आता याचं काही काम नाही," म्हणत तो ते खिशात घालायला निघाला.

"थांबा, साहेब," सुन्नुवा म्हणाली. "नव्याने काय, सगळ्यांनाच सोडलं. आम्ही कोण, त्याला ठाऊकसुद्धा नाही. म्हाताऱ्याने मरता मरता आमच्यासाठी लेखणी उचलली. तो कागद मी बायबलशेजारी ठेवणार आहे. पाद्रीबुवा, तुम्ही वाचा. मोठ्याने वाचा, गावाला ऐकू दे."

पाद्रींनी मोहोर फोडली. सही थरथरत्या हाताची होती, पण राजाचीच होती. त्यांनी कागद एकदा मनातल्या मनात वाचला. मग हानुसकडे पाहिलं आणि पुन्हा कागदाकडे. उभ्या जन्मात त्यांनी खोटं वाचलं नव्हतं.

"वाचा ना," सुन्नुवा हसून म्हणाली. "आणि आज घाई करू नका."

पाद्रींनी सावकाश वाचलं, "'मेंढ्या माझ्या होत्या. माफी नाही. जहाज किनाऱ्याला लागेल त्याच दिवशी फाशी द्यावी.'"