दहावा स्वार

गव्हर्नर दारात येऊन उभे राहिले तेव्हा गास्पारे त्यांचा चेहरा खरवडून त्या जागी दुसऱ्याच माणसाची मिशी रंगवत होता.

त्याला आधी काही कळलंच नाही. रंग खलणारी त्याची मोठी बहीण ओत्ताविया एकदम थांबली, म्हणून त्याने शिडीवरून मागे वळून पाहिलं. दारात काळा पोशाख, मागे दोन भालाईत आणि त्यांच्या आडोशाला पांढराफटक पडलेला चिटणीस. उतरताना त्याची एक पायरी चुकली.

"चर्चमधून परतत होतो," गव्हर्नर म्हणाले. "म्हटलं, वेशीवरचं आमचं चित्र दुरुस्तीला आणलंय म्हणे, बघून जावं."

मिलानमध्ये ते चित्र पोराटोरांच्या ओळखीचं. शहरावर स्पेनच्या राजाचा अंमल. त्याने नवा गव्हर्नर धाडला की ते शहराच्या रोमकडच्या वेशीवर चढायचं. घोडा गास्पारेच्या आजोबांच्या हातचा, चिलखत वडिलांच्या. आतापर्यंत नऊ जण त्या घोड्यावर बसले होते. दर वेळी बदलायचा तो फक्त चेहरा, आणि तोही नवा माणूस शहरात शिरायच्या आदल्या दिवशी. पण यंदा हवा इतकी दमट की रंग वाळायला चार दिवस लागत होते. दहावा जेनोआला जहाजातून उतरल्याची खबर व्यापाऱ्यांनी आणली, नगरसभेच्या कारकुनाने त्याच्या रूपाचं वर्णन लिहून दिलं आणि गास्पारेने घाई केली. नवव्याला, म्हणजे आताच्या गव्हर्नरांना, यातलं कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायची पद्धतच नाही. जुन्याला काढल्याचा कागद नवा माणूस स्वतःच्या खिशात घेऊन येतो.

गव्हर्नर चित्राजवळ गेले. "हा कोण?"

मागून चिटणीस डोळ्यांनी विनवत होता, बोलू नकोस. गेल्या वर्षी एका कुंभाराने याच चित्राला कोळशाने शिंगं काढली होती. त्याचे हात पाठीमागे बांधून त्याला भर चौकात तीनदा दोराने वर ओढलं. दोन्ही खांदे निखळले. अजून त्याला बायको भरवते. गास्पारेचे खांदे आतापासूनच दुखायला लागले. चितारी माणूस, हातच गेले तर उरलं काय?

"आपणच, हुजूर," ओत्ताविया म्हणाली. "ओलं आहे ना अजून. वाळलं की उठून दिसेल."

"मला टक्कल आहे, बाई. याला केस आहेत."

"आजवर झाडून सगळ्या सरकारांनी चित्रात केस रंगवायला लावलेत, हुजूर. आम्ही न विचारताच रंगवतो."

एरवी यावर कोणीतरी हसलं असतं. गव्हर्नर चिटणिसाकडे वळले. "तुम्ही रोज माझ्यासमोर बसता. हा मी आहे?"

"हुबेहूब, सरकार," चिटणीस जमिनीकडे बघत म्हणाला.

भालाईतांना विचारलं. त्यांनीही माना डोलावल्या. मग गव्हर्नरांचं लक्ष शिडीला टाचलेल्या कागदाकडे गेलं. त्यांनी तो ओढून काढला. उंच कपाळ, दाट केस, तांबूस मिशी, डाव्या गालावर तीळ. त्यांनी ते सावकाश वाचलं.

"कधी आलं हे?"

गास्पारेने बहिणीकडे पाहिलं. "मंगळवारी," ओत्तावियानेच सांगितलं.

"आज रविवार." त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं."

हा माणूस जाणार होता, पण अजून गेला नव्हता. दहावा पोचायला अजून पाच दिवस होते, आणि दोर ओढायला अर्धा तास पुरतो.

गव्हर्नर ओत्तावियाच्या स्टुलावर बसले. तिथे निळा रंग सांडला होता, तो त्यांना दिसला नाही.

"नवा येतो तो आधी जुन्याचीच चौकशी लावतो," ते म्हणाले. कोणाशी बोलत होते कोण जाणे. "मीही लावली होती. म्हातारा होता बिचारा. साखळदंड घालून जहाजावर चढवला त्याला. पाया पडत होता माझ्या."

तेव्हा गास्पारेच्या ध्यानात आलं की खोलीत सगळ्यांत जास्त घाबरलेला माणूस तो स्वतः नव्हे. त्याने काही धीर आला नाही, उलट जास्तच भीती वाटली. घाबरलेला गव्हर्नर त्याने आजवर पाहिला नव्हता.

"तू चेहरे रंगवतोस," गव्हर्नर म्हणाले. "तुम्हा लोकांना चेहरा बघून माणूस कळतो म्हणतात. मला याच्या डोळ्यांकडे बघून सांग. दयामाया असेल का याच्यात?"

हो म्हणणं सोपं होतं. ओत्ताविया मागून त्याचा सदरा ओढत होती, हो म्हण म्हणून. पण खोटं बोलायलाही अंगात थोडं बळ लागतं, आणि गास्पारेचं ते केव्हाच संपलं होतं.

"कागदात डोळ्यांचं काही लिहिलेलं नव्हतं, हुजूर," तो म्हणाला. "म्हणून डोळे मी खरवडलेच नाहीत. ते आपलेच आहेत."

गव्हर्नर उठले. चित्रासमोर गेले आणि त्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. भालाईत हुकमाची वाट पाहत होते.

"हेही खरवड," ते अखेर म्हणाले. "तो यायच्या आत."