मरायला परत येणारा सैनिक

‘मुस्तफाभाई, मरायच्या आधी एकदा माफ करा,’ असं तौफीकने रत्नागिरीहून लिहिलं होतं. त्याच्या खोट्या साक्षीमुळे मुस्तफाचा भाऊ झैद तुरुंगात गेला आणि तिथेच मेला. त्या पत्राला मुस्तफाने अजून उत्तर दिलं नव्हतं.

आखातातल्या एगैला गावच्या घरात तो दुपारी जुने, स्वस्तातले इटालियन सिनेमे बघत बसे. त्यांत तलवारी असत, जादूगार असत, पुठ्ठ्याचे किल्ले असत. माणसं मात्र कमी, म्हणून एकच सैनिक पुन्हा पुन्हा मरे.

“अहो, हा मघाशीच मेला होता की!” त्याची बायको फखरुन्निसा हसली. “हेल्मेट बदलून परत आला मरायला.”

पुढच्या लढाईत तो हेल्मेटशिवाय आला आणि गुडघे टेकून बसला. चेहरा तौफीकचा होता, म्हातारा झालेला. जल्लादाने तलवार उगारली आणि हुकमासाठी थेट मुस्तफाकडे बघत थांबला.

“टीव्ही अडकला वाटतं,” फखरुन्निसा म्हणाली.

पण मशालींचा धूर हलत होता.

मुस्तफाने कागदावर ‘माफी नाही’ एवढंच लिहिलं. पाकिटावर तौफीकचा रत्नागिरीचा पत्ता घातला.

पोस्टात जाऊन त्याने पाकीट पेटीत टाकलं. आत काहीतरी जड पडलं आणि गडगडत कोपऱ्यात जाऊन थांबलं.