वेंडेलची बाजू

"वेंडेल गाढव आहे!" मारिसोल ओरडली आणि तिसरीचा अख्खा वर्ग खिदळला.

"गाढव हे झालं मत. कारणं कुठायत?" त्यांची शिक्षिका ग्रेटा लिंडक्विस्टनं फळ्यावर मार्कर आपटला. "तीन कारणं. लिहा!"

वेंडेल नावाचा मुलगा वर्गात नव्हताच. त्याचा निबंध दर वर्षी ग्रेटाच लिहायची, मुलांच्याच रेघांच्या कागदावर, डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात आणि नेहमी मुलांच्या विरुद्ध. मुलांच्या बाजूचा नमुना दिला की पोरं तोच उतरवून काढतात. उलटा दिला की चवताळून लिहितात.

यंदा विषय घरचाच होता. शाळेची लायब्ररी बंद करून तिथं परीक्षांचे कॉम्प्युटर मांडायचे, असं नव्या मुख्याध्यापकाच्या, हॅस्केटच्या डोक्यात होतं. म्हणजे मिसेस ओडेल घरी! एकवीस वर्षं लायब्ररी सांभाळलेली, प्रत्येक पोराला नावानं हाक मारणारी बाई. आणि या हॅस्केटला सहा महिन्यांत एका पोराचं नाव येईना. ग्रेटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"माझ्यासाठी भांडू नकोस गं," ओडेल म्हणाल्या.

"मी कुठं भांडतेय? पोरं भांडतील. वाचू दे त्या हॅस्केटला."

पोरांनी जीव ओतून लिहिलं. 'आमच्या घरी एकही पुस्तक नाही,' मारिसोलनं पहिलं कारण दिलं.

शुक्रवारी दुपारी ऑफिसातून फोन आला. निबंध आत्ताच हवेत, शाळेच्या बोर्डाची बैठक सोमवारऐवजी आजच घ्यायची ठरली आहे.

"सोमवार ठरला होता! मुद्दाम करताय तुम्ही!" ग्रेटानं फोन आदळला, टेबलावरचे होते नव्हते ते सगळे कागद पाकिटात कोंबले आणि ऑफिसात नेऊन फेकले.

चारला हॅस्केट स्वतः वर्गात आला.

"सगळे वाचले. शब्दन् शब्द. मारिसोलनं तर रडवलंच."

ग्रेटाचा राग पहिल्यांदाच जरा उतरला. "मग?"

"पण खरं सांगू? बाकी सगळे तुमचीच री ओढत होते. एकच पोरगं तुम्हाला न घाबरता मनातलं लिहून गेलं. बोर्डाला मी तेच वाचून दाखवलं. एकमतानं ठरलं, जूनपासून लायब्ररी बंद." तो दारात थांबला. "सोमवारी त्या वेंडेलला माझ्याकडे पाठवा. पाठ थोपटायचीय त्याची."