नकार, चौदा वेळा

सर्व्हर मेल पाठवत होता, फक्त 'पाठवली' एवढं सांगायला उशीर करत होता. भरती करणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला वाटायचं, गेलीच नाही. मग ते दर वीस मिनिटांनी तीच नकाराची मेल पुन्हा पाठवायला सांगायचं. सर्व्हर सांभाळायचं काम तिचं; सकाळपासून ती डोळ्यांत तेल घालून त्याच्या नोंदी वाचत होती.

"एकदा नाही म्हटलं की माणसाला कळतं," शेजारचा टेस्टर म्हणाला. "आपला सर्व्हर अगदी बजावून सांगतोय!"

तीही हसली. मग पत्त्यांच्या यादीत दादाचा पत्ता दिसला, आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

कारखाना बंद पडल्यापासून मोठा भाऊ दोन वर्षं घरी होता. या कंपनीच्या मुलाखतीला जाताना त्याने केस काळे केले होते. 'आपली निवड होऊ शकली नाही, क्षमस्व.' चौदा वेळा. जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते हेच, आणि चोळणारा सर्व्हर तिचा.

जेवणाच्या सुट्टीआधी चूक सापडली. 'पाठवली' हा निरोप देण्याआधी सर्व्हर मेलची प्रत साठवत बसायचा, तोवर समोरच्या सॉफ्टवेअरचा धीर सुटायचा. तिने प्रोग्राममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली. पंधरावी मेल गेली नाही. टेस्टरने टाळीसाठी हात पुढे केला. तिने कशीबशी टाळी दिली आणि जिन्यात जाऊन फोन लावला.

"दादा, त्या मेल… आमच्याच सर्व्हरची चूक होती रे. सकाळपासून किती त्रास झाला असेल तुला."

"तुमच्याकडून येत होत्या होय?" त्याने विचारलं. "पहिली वाचली तेव्हा वाईट वाटलं गं. पण नंतर दर वेळी फोन वाजायचा, त्यांचं नाव दिसायचं. वाटायचं, विचार बदलला असेल. उघडेपर्यंत वाटायचं."

ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"तुझ्या वहिनीला सांगू नकोस हं," तो म्हणाला. " तिला सांगितलंय, कंपनीशी अजून बोलणं चालू आहे म्हणून. सकाळपासून फोन वाजतोय, तिलाही खरं वाटलंय."

"नाही सांगत." तिने डोळे पुसले. "आणि आता दुरुस्त केलंय मी. यापुढे एकही येणार नाही."

"एकही नाही?" दादाने विचारलं.